दांडीचं मशीन

"किती जण आहात तुम्ही?" रोवेनाने विचारलं.

"बत्तीस," मी म्हणाले.

तिने कॅसिनोतल्या त्या अरुंद बोळाकडे पाहिलं, मग माझ्यामागे हात बांधून उभ्या असलेल्या मगदूमकाकांकडे, आणि पुन्हा माझ्याकडे. जहाजावरचे खेळ सांभाळणारी ती फिलिपिनो मुलगी. स्वभावाने गोड, पण नियमाला पक्की. मशीनजवळ सहाजणांपेक्षा जास्त माणसं उभी राहू द्यायची नाहीत, असा नियम होता. बाकीच्यांनी बाहेर थांबायचं आणि पाळी आली की आत यायचं.

मी वळून ते मगदूमकाकांना हातांनी सांगितलं. ते ऐकून, म्हणजे पाहून, काका जरा वेळ मशीनकडेच बघत राहिले.

तो हट्ट त्यांचाच होता. सिंगापूरहून निघालेल्या त्या जहाजावर आम्ही चढलो त्याच संध्याकाळी खोलीत एक कार्यक्रमपत्रिका आली होती. तिच्यात एका कोपऱ्यात लिहिलं होतं की कॅसिनोत मिळून खेळायचा खेळ ठेवता येतो. सगळ्यांनी सारखे पैसे घालायचे, एकच स्लॉट मशीन घ्यायचं, पाळीपाळीने प्रत्येकाने खेळायचं आणि निघेल ते वाटून घ्यायचं. काकांनी मला बोलावून ती ओळ दाखवली आणि म्हणाले, हे आपण करायचं. पण बटण दाबायचं मशीन नको. दांडी ओढायचं पाहिजे. कुपवाडच्या कारखान्यात लेथवर ज्याचं आयुष्य गेलं, त्या माणसाला बटणात काय गोडी वाटणार? सगळा कॅसिनो फिरून आम्ही शोधलं, तेव्हा शेवटच्या ओळीत एकच जुन्या पद्धतीचं मशीन सापडलं, उजव्या बाजूला काळ्या गोळ्याची दांडी असलेलं.

आमचा गट म्हणजे मिरजेच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थ्यांचं मंडळ. बहुतेक सगळे साठीच्या आसपासचे. कोणी शिंपी, कोणी सुतार, कोणी छापखान्यात खिळे जुळवलेले. माझे आई-वडील दोघेही त्याच शाळेतले. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती आणि आई घराबाहेर पडेनाशी झाली होती, म्हणून मंडळाची सहल ठरली तेव्हा मी तिला जवळजवळ ओढूनच आणलं. बत्तीस जणांत कानाने ऐकणारी मी एकटी. तिकिटं, पासपोर्ट, जेवणात काय आहे, कुठे जायचं, कोण काय म्हणालं, हे सगळं माझ्यामार्फत. बोलायला लागल्यापासून मी हेच करत आलेय. तिसरीत असताना डॉक्टरांनी वडिलांच्या पोटाबद्दल जे सांगितलं, तेही मीच त्यांना सांगितलं होतं.

"मग राहू दे का?" मी काकांना खुणेने विचारलं. खरं सांगायचं तर राहिलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. कॅसिनोत ही माणसं हातवारे करत गोळा होणार, कधी कोणाच्या घशातून आवाज निघणार, लोक वळून बघणार. आईकडे असं बघणारे लोक मी लहानपणापासून पाहिले होते.

काका चालत चालत बोळाच्या तोंडाशी गेले.

त्या जहाजाच्या मधोमध एक उंच चौक होता. तीन मजले उघडे, प्रत्येक मजल्याला काचेच्या कठड्याची गॅलरी, पुढे एक जिना आणि मागे एक. कॅसिनोचं तोंड या चौकाच्या तळाला उघडत होतं. काका तिथे उभे राहून वर बघत होते, एखाद्या कामाचं माप घ्यावं तसे. मग त्यांनी आईला हाक मारली, म्हणजे तिच्या खांद्यावर बोट टेकवलं, आणि दोघांचे हात चालू झाले. मी लांब होते, मला अर्धंच दिसलं. पण चहा निवायच्या आत सगळं ठरलं होतं.

मशीनपाशी मगदूमकाका. तिथून बोळाच्या तोंडाशी आई. आई चौकातून सगळ्यांना दिसेल, म्हणून तिला उभं राहायला एक स्टूल. पुढच्या जिन्याशी असलेल्या लोकांना आई नीट दिसत नव्हती, म्हणून मागच्या जिन्याच्या वळणावर तातोबाकाका, आणि सगळ्यात वरच्या गॅलरीत पुष्पामावशी. मशीनवर काय आलं ते काका आईला सांगणार, आई सगळ्या चौकाला, आणि बाकीचे पुढे. ज्याची पाळी असेल तेवढ्यानेच खाली यायचं.

"म्हणजे सगळे बघणार," काका म्हणाले. "रांगेत कोणी नाही थांबायचं."

रोवेनाला मी समजावून सांगितलं, तर तिने स्वतः जाऊन बारमधलं एक भक्कम स्टूल आणलं.

जहाज दिवसभर समुद्रातच असायचं तो दिवस होता. दुपारचं जेवण झालं, लोक सुस्तावले होते, आणि आमचा खेळ सुरू झाला.

आधी खुणा ठरवाव्या लागल्या. मशीनमध्ये चेरी होती, कलिंगड होतं, सात आकडा होता, घंटा होती. कलिंगडासाठी आईने सुरी चालवून फोड तोंडाला लावल्यासारखी केली. घंटेसाठी देवळात शिरताना हात वर करून टोल देतो तसा हात केला. ज्या बाईने जन्मात घंटा ऐकली नाही, तिने इतकी हुबेहूब घंटा वाजवली की मला ती ऐकू आल्यासारखी झाली.

पहिली दांडी पुष्पामावशीच्या यजमानांनी ओढली. चेरी, सात, कलिंगड. काहीच नाही. काकांनी आईला सांगितलं, आईने स्टुलावरून चौकाला सांगितलं, आणि तीन मजल्यांवरून वीस-पंचवीस जणांनी एकदम मान हलवून हळहळ व्यक्त केली, एकही आवाज न करता. पुढच्याच्या पाळीला दोन चेरी आल्या, थोडं काही मिळालं, आणि सगळ्या गॅलऱ्यांमधून हात वर जाऊन बोटं थरथरू लागली. आमच्यात टाळी अशीच वाजवतात.

इतर प्रवाशांनी बघायला सुरुवात केली, ती मी भीत होते त्याच पद्धतीने. थांबून, कोपरखळी मारून. पण मग ते जाईनात. कॉफी घेऊन जाणारे कठड्याशी टेकले. एका गोऱ्या म्हाताऱ्याने आपल्या बायकोच्या चाकाच्या खुर्चीचं तोंड आईकडे केलं. घंटा कोणती, सात कोणता हे त्यांना कळायला लागलं. आईने हात वर नेला की कोणीतरी अनोळखी माणूस शेजारच्याला आपल्या भाषेत सांगायचा, घंटा, घंटा. तासाभरात चौकात दीडशे तरी माणसं असतील, आणि सगळी एका स्टुलावर उभ्या राहिलेल्या, नऊवारीचा पदर खोचलेल्या माझ्या आईकडे बघत होती.

आईची पाळी आली तेव्हा तिने मला स्टुलावर उभं केलं आणि स्वतः आत गेली. दांडीला आधी नमस्कार केला. मग दोन्ही हातांनी ओढली. मगदूमकाकांचा हात वर गेला, एकदा, दोनदा, तीनदा. तीन घंटा. मी वळून चौकाला सांगितलं, आणि त्या गॅलऱ्यांमधून आमचे सोडून इतरांचेही हात वर गेले. थरथरणाऱ्या बोटांचे तीन मजले. आई बोळातून बाहेर आली, तिने ते पाहिलं, आणि पदर तोंडाशी धरून ती हसली. वडील गेल्यापासून मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

ती परत स्टुलावर चढली. आणखी सात-आठजणांच्या पाळ्या झाल्या असतील. मगदूमकाकांनी स्वतःची पाळी सगळ्यांच्या शेवटी ठेवली होती.

तेवढ्यात भोंगा वाजला.

जहाजावर चढल्या दिवशी त्याचा सराव घेतला होता, पण तो सराव होता. हा आवाज भिंतींतून, जमिनीतून, छतातून एकदम आला. दिवे लुकलुकले. मशीनचे सगळे आवाज थांबले आणि त्यांच्या जागी फक्त तो भोंगा राहिला. त्यातच लाऊडस्पीकरवरून कोणीतरी बोलू लागलं. तीन-चार भाषांत बोलत असावं, पण त्या उंच चौकात भोंग्याचा आवाज आपटून परत येत होता आणि त्या बोलण्यातला एक शब्द म्हणून कळत नव्हता.

लोक उठले आणि पळाले. कॅसिनोतली माणसं पुढच्या जिन्याकडे धावली, कारण तो जवळचा. त्याच जिन्यावरून वरची माणसं खाली येऊ लागली. दोन लोंढे मधल्या पायऱ्यांवर एकमेकांत अडकले. बायका ओरडत होत्या, माणसं नावांनी हाका मारत होती, त्यामुळे स्पीकरवरचं उरलंसुरलंही बुडालं. मग पुढच्या जिन्याच्या वरच्या टोकाला काळसर धूर दिसला, आणि वरून खाली येणाऱ्यांनी आणखीच रेटा दिला.

मी दोन्ही कानांवर हात ठेवून आईच्या स्टुलापाशी पोचले. तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"काय आहे?" तिने विचारलं.

"धोक्याचा भोंगा. काहीतरी सांगतायत. कळत नाहीये. थांब, मी ऐकते."

मी डोळे मिटून ऐकायचा प्रयत्न केला. आयुष्यभर मी हेच तर करत आले होते. ऐकायचं आणि सांगायचं. पण त्या कोलाहलातून माझ्या हाती काहीच लागत नव्हतं.

आईने माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड वर केलं. मग तिने हनुवटी सोडली आणि अगदी सावकाश, मी लहान असताना शिकवायची तशी, मला सांगितलं.

"तू ऐकू नकोस. बघ."

मी तिच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. सगळ्यात वरच्या गॅलरीत पांढऱ्या कपड्यांतला एक अधिकारी कठड्यावर ओणवून ओरडत होता. त्याचा आवाज दोन हातांवरही पोचत नसणार. पण ओरडताना तो हात करत होता, माणूस करतोच. दोन्ही हात एकमेकांवर आडवे. मग एका हाताने मागच्या जिन्याकडे जोरजोरात बोट. आणि त्याच्या शेजारी पुष्पामावशी उभी होती. आपली जागा तिने सोडलेली नव्हती.

मावशीचे हात चालू होते. पुढचा जिना बंद. धूर. सगळे मागून वर, उघड्या डेकवर. मागच्या वळणावर तातोबाकाकांनी ते घेतलं होतं. खाली मगदूमकाका मशीन सोडून बोळाच्या तोंडाशी आले होते आणि एकेका मेज-खुर्चीला बाजूला ढकलून वाट मोकळी करत होते.

आईने स्टुलावर नीट पाय रोवले. मग हात वर उचलून तिने पुढच्या जिन्याच्या दिशेने मोठी फुली मारली. ती फुली मी कधी विसरणार नाही. खांद्यापासून मारलेली, सगळ्या अंगाची. तिकडे नाही. मग दोन्ही हात मागच्या जिन्याकडे. इकडे.

तिच्याकडे कोणी का बघावं? पण तासभर ती सगळी माणसं तिच्याकडेच तर बघत होती. घाबरलेल्या माणसाचे डोळे फिरत असतात आणि कुठेतरी ओळखीचं शोधतात. पहिल्यांदा एका तरुण बाईने पाहिलं. तिने नवऱ्याचा दंड ओढून आईकडे बोट केलं. मग तिच्या मागच्याने पाहिलं. खालच्या पायऱ्यांवरचा गुंता सैल झाला आणि माणसं वळायला लागली.

"तू मागच्या जिन्याच्या पहिल्या पायरीशी जा," आईने मला सांगितलं. "वरून येईल ते मला पुढे कर."

मी गेले. वर पाहिलं तर आमची माणसं आपापल्या जागी उभी होती. कठड्यांशी, वळणांवर, दारांपाशी, खेळासाठी जिथे विखुरली होती तिथेच. एकही पळालेलं नव्हतं. अधिकाऱ्याने वरून तळहात दाखवला की मावशी तळहात दाखवायची, मग तातोबाकाका, मग मी, मग आई. आईने दोन्ही तळवे उभे केले की खालची गर्दी थांबायची. त्या पाच फुटी बाईच्या दोन तळव्यांपुढे तो सगळा लोंढा उभा राहायचा, भोंगा चालू असताना, आणि वरची पायरी मोकळी झाल्यावर तिने हात हलवला की पुन्हा चालू लागायचा. थोड्या वेळाने तो अधिकारी ओरडायचाच थांबला. तो फक्त मावशीकडे बघून हात करू लागला.

लिफ्ट बंद होत्या. चाकाच्या खुर्चीतल्या त्या गोऱ्या बाईचा नवरा खुर्चीला धरून रडवेला होऊन उभा होता. आईने मगदूमकाकांना बोटाने दाखवलं. काका आले, त्यांनी खुर्चीची चाकं आणि दांडे एकदा हात फिरवून पाहिले, कुठे धरायचं ते आणखी तिघांना दाखवलं, आणि चौघांनी ती बाई खुर्चीसकट उचलली. काका सर्वांत खाली होते, म्हणजे सगळं वजन त्यांच्यावर. माझ्यासमोरून जाताना त्यांच्या मानेच्या शिरा तटतटलेल्या दिसल्या. बाईने डोळे गच्च मिटले होते आणि काकांचा कान घट्ट धरून ठेवला होता.

चौक रिकामा होत गेला. रोवेना शेवटच्या काही माणसांना घेऊन आली. आई अजून स्टुलावरच होती. मी तिला चल म्हणाले, तर तिने आधी तिन्ही गॅलऱ्यांवरून नजर फिरवली, कठड्याआड कोणी राहिलं नाही ना ते पाहिलं, मग माझ्या खांद्याला धरून खाली उतरली.

वर डेकवर लख्ख ऊन होतं. खालच्या मजल्यावरच्या धुलाईखान्यात आग लागली होती आणि तिचा धूर हवेच्या नळातून पुढच्या जिन्याच्या वर निघाला होता, असं नंतर कळलं. ती विझवली गेली. दोन-तीन जणांना खरचटलं, एकाचा पाय मुरगळला. त्या जिन्यावर तो रेटा तसाच राहिला असता तर काय झालं असतं, हे तो अधिकारी मला सांगायला आला होता. त्याला वाटलं होतं की मी यांची प्रमुख आहे. मी त्याला मगदूमकाकांपाशी नेलं आणि बाजूला झाले. ते दोघं माझ्याशिवाय बराच वेळ हातांनी बोलले. शेवटी त्या अधिकाऱ्याने टोपी काढली.

खेळ अर्धाच राहिला होता. दुसऱ्या दिवशी रोवेनाने तो पुरा करू दिला. मगदूमकाकांची पाळी आली तेव्हा चौकात उभं राहायला जागा नव्हती. त्यांनी दांडीला हात घातला, थोडं तेल पाहिजे असं मला सांगितलं, आणि ओढली. काहीच आलं नाही. काका इतके खूश होते की रोवेनाला वाटलं त्यांना कळलंच नाही, ते हरलेत म्हणून.

पण त्या दुपारी डेकवर आम्ही खूप वेळ थांबलो होतो. भोंगा बंद झाला होता. इंजिनंही बंद केली होती, आणि इतकं मोठं जहाज पाण्यावर नुसतं पडून होतं. शेकडो माणसं, पण कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. मी असं शांत कधी काही अनुभवलं नव्हतं. आई चपला काढून डेकच्या लाकडी फळ्यांवर बसली होती, पाय लांब करून. तिने मला शेजारी बसायची खूण केली.

"तो आवाज कसा होता?" तिने विचारलं.

आईने मला कधी कुठल्या आवाजाबद्दल विचारलेलं मला आठवत नव्हतं. मी सांगायचा प्रयत्न केला. दाढ कोरताना डॉक्टरचं यंत्र हाडात शिरतं ना, तसा. पण सगळ्या डोक्यात. आणि थांबतच नाही.

तिने ते नीट समजून घेतलं. मग डेकवर बसलेल्या त्या सगळ्या लोकांकडे, भेदरलेल्या, एकमेकांना धरून बसलेल्या, हळहळून बघितलं.

"बिचारे," ती म्हणाली. "तुम्हाला सगळ्यांना केवढा त्रास होतो."

मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तशीच तिला टेकून राहिले. समुद्र सगळीकडून एकसारखा होता, किनारा कुठे दिसत नव्हता.

थोड्या वेळाने तिचा हात माझ्या पाठीवरून उठला. तिने दोन्ही तळपाय फळ्यांवर सपाट टेकवले आणि मान किंचित तिरकी केली. पलीकडे मगदूमकाकांनीही मान वर केली, आणि कठड्याशी पुष्पामावशीने. ते एकमेकांकडे बघून हसले.

"निघालं," आईने मला सांगितलं.

मी कान दिला. काहीच नव्हतं. आमच्या आजूबाजूला कोणालाच काही कळलेलं नव्हतं. मी चपला काढल्या आणि तिच्यासारखे पाय टेकवून वाट बघत बसले. बऱ्याच वेळाने कठड्याखालचं पाणी हळूच मागे सरकू लागलं.